पाठ टेकली होती, वस्ताद

वस्ताद,

परवा तुम्हाला समाधीच्या मातीत बसवलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागं उभा होतो. लोक म्हणत होते, मास्तर, पुढं या. माझे पाय उचलेनात. त्यांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण पाय अडले ते भीतीनं. कपाळभर विभूती, गळ्यात माळा, मांडी घातलेली, पाठ ताठ. तालमीच्या ओट्यावर बसायचा तसेच तुम्ही बसला होतात. मला वाटत होतं, मी हाताच्या टप्प्यात आलो की तुम्ही डोळे न उघडताच माझं मनगट धरणार.

पंचानं वस्तादाच्या हाताच्या टप्प्यात उभं राहू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत. माझा हात मोडून शिकवलंत.

ठाणाकुशनूरची ती जत्रा. मी तिथल्या सरकारी शाळेवर मास्तर होतो. तरुणपणी उदगीरला लाल मातीत लोळलो होतो, म्हणून गावानं मला कुस्त्यांचा पंच केलं. तुमचं नाव ऐकून होतो. कमठाण्याचे वीरभद्रप्पा वस्ताद, गडी हरला की पंचाला सोडत नाहीत. ऐकलं आणि हसलो होतो. तुमच्या गड्याची पाठ मातीला लागली, मी दुसऱ्याचा हात वर केला, आणि पुढचं मला आठवतं ते तुकड्या तुकड्यानं. तुमचं धोतर माझ्या तोंडाशी. माती दातात. कोपरातून आलेला आवाज, वाळकी तुराटी मोडावी तसा. तुम्ही कुस्तीच्या हौद्यातून बाहेर पडताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. हाड बसवणाऱ्यानं हात बांधला तो थोडा वाकडाच बसला.

त्या दिवसाबद्दल आपण पुढं कधीच बोललो नाही. त्यानंतर इतकी वर्षं रोज एकमेकांची तोंडं बघितली, इतके वाद घातले, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. तुम्ही काढला नाहीत, मी काढायला धजलो नाही.

मग माझी बदली झाली. हुकूम उर्दूत होता, तो वाचून दाखवणाऱ्या कारकुनाला मी दोनदा विचारलं, गाव कोणतं म्हणालात? कमठाणा. त्या रात्री घरची म्हणाली, "नोकरी सोडून देऊ. माझ्या भावाच्या शेतात राबू." मी म्हणालो, बघू. बघू म्हणता म्हणता बैलगाडी कमठाण्याच्या वेशीत आली.

पहिले काही दिवस शाळेत जाताना मी तालीम टाळून पाणंदीनं, चिखल तुडवत जायचो. पोरं हसायला लागली. मास्तर असून असं लपतछपत किती दिवस जगायचं? एका सकाळी सरळ तालमीत शिरलो. आत पोरं जोर काढत होती. तुम्ही ओट्यावर बसला होतात.

"कोण?" तुम्ही विचारलंत.

"मी. नवा मास्तर."

तुम्ही पोरांवरची नजर काढली नाही. "हात कसा हाय?"

"वाकडा हाय."

"व्हय. दिसायलाय." मग थोड्या वेळानं, "बसा की. उभं कामून ऱ्हायलाव?"

मी बसलो. ओट्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसलो. तुम्ही ते बघितलंत, आणि मिशीत हसलात की काय कुणास ठाऊक, मी नजर वर केली नाही.

जत्रा जवळ आली तसे पाटील घरी आले. आजूबाजूच्या गावचे पंच नको म्हणत होते. एकानं तर साफ सांगितलं होतं, वीरभद्रप्पाचा गडी उतरणार असेल तर मी त्या रस्त्यानंसुद्धा येणार न्हाई. पाटील म्हणाले, "मास्तर, तुम्हीच उभं ऱ्हावा. तुम्ही आता गावचे. गावच्या माणसावर ते हात टाकणार न्हाईत."

घरची आतून म्हणाली, "दुसरा हात अजून सरळ ऱ्हायलाय म्हणून का?"

तिचं चुकलं नव्हतं. पण मी विचार केला तो असा, की ज्या माणसाला आपण भितो त्याच्यापासून लांब पळालो तर तो जत्रेच्या दिवशी हजार लोकांसमोर भेटतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी एकटा भेटलेला बरा. मी तुमच्याकडं आलो आणि म्हणालो, वस्ताद, हौद्याची माती तुमच्या देखरेखीखाली मळून घ्या. ताक, तेल, हळद किती ते तुम्ही सांगा.

"म्हंजे माती वाईट होती म्हणून मला भांडता येणार न्हाई. असंच ना?"

"व्हय," मी म्हणालो.

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की जोर काढणारी पोरं थांबली. "लबाड हाय मास्तर," तुम्ही म्हणालात, आणि धोतर खोचून मातीत उतरलात.

तुम्हाला सांभाळायचं कसं हे मी असं हळूहळू शिकलो. बसायला तुम्हाला मानाची जागा दिली, पण हौद्याच्या पलीकडं, म्हणजे माझ्यापर्यंत यायचं तर अख्खा हौदा ओलांडावा लागेल. तुम्ही कानडीतून गड्याला ओरडायचात, "हिडी! बिडबेडा!" धर, सोडू नको. समोरचे लोक तक्रार करायचे. मी तुम्हाला गप्प करायच्या भानगडीत पडलो नाही, समोरच्या गड्याला त्याचा अर्थ मराठीत सांगायला लागलो. दोन कुस्त्यांनंतर तुम्ही ओरडणं आपसूक बंद केलंत. कुस्ती चालू असताना तुमच्या एका शिवीला मी उत्तर दिलं नाही. पण कुस्ती सुटली की तुमच्याजवळ येऊन खाली बसायचो आणि सगळ्या शिव्या मुकाट ऐकून घ्यायचो. उभ्या माणसाला शिव्या देताना राग चढतो, बसलेल्याला देताना उतरतो, एवढं मला तुमच्यामुळं कळलं.

लोक म्हणायला लागले, वस्तादाला वठणीवर आणलं मास्तरानं. कुणाला ठाऊक होतं, की जत्रेच्या दिवशी मी किती भ्यालेला असायचो? पोटऱ्या थरथरतात ते दिसू नये म्हणून धोतर घोट्यापर्यंत सोडायचो. तुम्ही नुसती मांडी बदललीत तरी माझा वाकडा कोपर ठणकायला लागायचा.

आणि मग गेल्या वर्षीची जत्रा.

हिंदू-मुसलमानांतली हवा आधीपासूनच बिघडली होती. रोज नवी बातमी. अमक्या गावात गंजी पेटवली, तमक्या गावची माणसं बायकापोरांसह सोलापूरकडं निघून गेली. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नव्हता. बाजारात एकमेकांची विचारपूस करणारी माणसं खालमानेनं जायला लागली. जत्रा भरवू नये असं मला वाटत होतं. पण देवाचं काम कसं चुकवायचं, म्हणून भरली. आणि शेवटची जोड ठरली ती तुमचा नागनाथ आणि बिदरचा रहीम यांची. रहीमच्या बाजूनं महबूब उस्ताद आले होते. मेंदी लावलेली दाढी, शांत बोलणं. पण त्यांच्यासोबतची माणसं शांत नव्हती, आणि आपलीही नव्हती. घोंगडीखाली कुणाकडं काय होतं ते घोंगडी कशी फुगली होती त्यावरून समजत होतं.

पाटलांनी मला देवळामागं गाठलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मास्तर, बरोबरीत सोडवा. डोळं झाका आन् सोडवा. कुणाचाबी गडी पडला तर आज गाव ऱ्हात न्हाई."

मी तुमच्याकडं आलो. हे तुम्हाला न विचारता करणं शक्य नव्हतं. तुम्ही नागनाथाच्या मांड्यांना माती चोळत होतात.

"बरोबरी?" तुम्ही म्हणालात. "हात जोडून घरी जायला मी गडी तयार केलो का?"

"वस्ताद, दिवस कसे हाईत बघायलाव ना?"

"बघायलो. तुम्ही जे बघाल ते सांगा, मास्तर. मी बघंन ते मी सांगंन."

तुम्ही जे सांगायचात ते कसं सांगायचात, हे माझ्या कोपराला चांगलं माहीत होतं.

कुस्ती लागली. हलगी कडाडत होती. किती वेळ खडाखडी चालली ते मला सांगता येणार नाही, ऊन उतरलं होतं एवढं आठवतं. नागनाथ पट काढायला, म्हणजे त्याचे पाय धरायला गेला तोच रहीमनं त्याला ढाकेवर उचललं. मी पोटावर पडून मातीला गाल लावला. नागनाथ खाली आला. दोन्ही खांदे मातीला लागले. ओल्या पिठावर हात थापल्यासारखा आवाज झाला. पुढच्या क्षणी त्यानं मानेवर जोर देऊन कमान केली आणि पाठ उचलली. पण लागली होती. मी बघितलं होतं. माझ्या बाजूनं दोन्ही खांदे दिसत होते. तुमच्या बाजूनं ती कमान दिसत होती आणि तिच्याखालून पलीकडचा उजेड.

मी उठलो. माझ्या मनात पाटलांचे शब्द घुमत होते, डोळं झाका. मी रहीमचं मनगट धरलं आणि हात वर केला.

हलगी थांबली.

"न्हाई टेकली!" आपल्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले, मग सगळेच. समोरची माणसं पुढं सरकली. घोंगड्या खांद्यावरून खाली पडल्या. बायका पोरांना उचलून मागं पळायला लागल्या. आणि तुम्ही उभे राहिलात.

तुम्ही उभे राहिलात तसं सगळं गाव गप्प झालं. सगळ्यांना माहीत होतं पुढं काय होणार. तुम्ही हौद्यात पाय टाकलात. मी तुमच्यासाठी राखून ठेवलेलं ते अंतर तुम्ही एकेक पाऊल टाकत कमी करत होतात. मला पळावंसं वाटलं. रहीमचं मनगट माझ्या हातात होतं, ते घामानं निसटत होतं, की तो माझाच घाम होता? तुम्ही समोर आलात. तुमच्या श्वासाला तंबाखूचा वास येत होता. मी डोळे मिटले.

तुमचा पंजा माझ्या वाकड्या कोपराखाली आला. माझा हात, त्यातल्या रहीमच्या हातासकट, तुम्ही आणखी वर उचललात.

"पडला!" तुम्ही ओरडलात. "माझा गडी पडला! मी बघितलो! माझ्यापेक्षा कुस्ती ज्याला जास्त कळतीया त्यानं हौद्यात उतरावं!"

कुणी उतरलं नाही. कोण उतरणार? तुम्ही डोक्याचा फेटा सोडलात आणि तिथंच रहीमच्या डोक्याला बांधलात. महबूब उस्तादांनी तुम्हाला मिठी मारली तेव्हा त्यांची मेंदीची दाढी भिजली होती. मग तुम्ही बोडक्या डोक्यानं बिदरहून आलेल्या त्या सगळ्यांच्या पुढं चालत निघालात, पार बिदरच्या सडकेपर्यंत, म्हणजे वाटेत कुणाचा दगड आलाच तर तो आधी तुम्हाला लागला असता.

दिवेलागणीला तुम्ही परत आलात. मी ओट्यावर तुमची वाट बघत होतो. आभार कसे मानावेत हे मनाशी जुळवत होतो.

"टेकली न्हाई, मास्तर," तुम्ही म्हणालात.

मला आधी कळलंच नाही.

"पाठ टेकली न्हाई. मी खोटं बोललो. जल्मात पयल्यांदा मातीत उभं ऱ्हाऊन खोटं बोललो. गाव पेटलं असतं म्हणून बोललो. पण टेकली न्हाई."

"टेकली होती, वस्ताद. मी बघितलं."

"तुम्ही काय बघितलाव? तुमच्या डोळ्यात माती गेलती."

तिथून आपला वाद सुरू झाला तो मिटलाच नाही. मी शाळा सुटली की यायचो. बाहेर दिवस अधिकच वाईट होत होते. संध्याकाळी दारं लवकर लागायची, कुत्रं भुंकलं तरी घरोघरी दिवे विझायचे. मी दिवसभर घाबरलेला असायचो. वर्गात घोड्याच्या टापा ऐकू आल्या तर खडू हातातून पडायचा. आणि संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन मी तावातावानं हातवारे करत सांगायचो, डावा खांदा आधी, उजवा मागून. तुम्ही म्हणायचात, उजवा लागलाच न्हाई. मी जमिनीवर झोपून दाखवायचो. तुम्ही मला तशीच कमान करायला लावायचात आणि खालून हात घालून म्हणायचात, "हे बघा, अख्खा हात जायलाय." माझं वय काय, मी मास्तर काय, मी तिथं मातीत कमान करून पडलेलो! तेवढा वेळ मला घोड्याच्या टापा ऐकू यायच्या नाहीत.

गावानं मात्र तुम्हाला सोडलं नाही. तुम्ही विकले गेलात असं लोक बोलले. अर्धी पोरं तालमीत यायची बंद झाली. एका सकाळी तुमच्या दारावर कुणी शेण फेकलेलं होतं. ते तुम्ही स्वतःच्या हातानं धुतलंत आणि मला म्हणालात, "मास्तर, आज सांगा बघू, आधी कुठला खांदा लागला म्हणता?"

मी लोकांना सांगत सुटलो, अहो, निकाल खराच होता. ते म्हणायचे, तुम्ही तेच म्हणणार. तुमच्यासाठी यापेक्षा जास्त काही करायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुम्हालाही ते ठाऊक असावं, कारण तुम्ही काही मागितलं नाहीत.

थंडीत एकदा माझा कोपर आखडला होता. मी काही बोललो नव्हतो. तुम्ही न विचारता माझा हात ओढून घेतलात. तोच हात, तुमच्या त्याच दोन पंजांत. तुम्ही कोमट तेल घेतलंत आणि कोपराभोवती अंगठा फिरवत राहिलात, हळू, पुष्कळ वेळ. तुम्ही खाली बघत होतात. मला वाटलं, आता बोलाल. ठाणाकुशनूर हा शब्द तुमच्या ओठावर आला होता असं मला आजही वाटतं. तुम्ही म्हणालात, "तेल धुऊ नका रातभर." एवढंच. मीही म्हणालो, बरं. तेव्हा मी बोलायला हवं होतं का, वस्ताद? जाऊ दे, झालं ते, एवढं तरी?

मग तुमची छाती भरली. ताप चढला. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो, तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत आणि बोट हलवलंत. न्हाई. टेकली न्हाई. मी रडत रडत म्हणालो, टेकली.

तुम्हाला नेलं त्या दिवशी रस्ते बंद असल्यासारखेच होते. महबूब उस्ताद येऊ शकले नाहीत. रहीम एकटा आला, शेताशेतांतून, बांधांवरून, अंगाला तुरीचा पाला चिकटलेला. त्याला बघून गर्दीत कुजबुज झाली, एक-दोघांच्या मुठी वळलेल्या मी बघितल्या. मला वाटलं, आता तुम्ही उभे राहणार नाही आहात. आता हौद्यात कोण उतरणार? नागनाथ काही न बोलता बाजूला सरकला आणि रहीमला आपल्याशेजारी जागा दिली. दोघांनी मिळून तुमच्यावर विभूती वाहिली. जाताना नागनाथ त्याला पोचवायला गेला. तो परत दिसेपर्यंत मी वेशीत उभा होतो. परत आला तेव्हा माझी मान आखडली होती.

काल नागनाथ माझ्या घरी आला. तालीम आता त्यालाच बघायची आहे. म्हणाला, जत्रा भरली तर पंच म्हणून तुम्हीच पायजे. मी त्याला आत बसवलं आणि इतक्या दिवसांत मला न सुचलेली गोष्ट विचारली. तुम्ही आणि मी एवढे भांडलो, पण ज्याची पाठ होती त्याला आपण विचारलंच नव्हतं.

"टेकली होती की, मास्तर," नागनाथ म्हणाला. "दोन्ही खांदं. मला कळणार न्हाई व्हय?"

"मग वस्तादाला सांगायचं होतंस!"

"सांगितलो की. दुसऱ्याच दिवशी, मालिश करताना."

दुसऱ्या दिवशी. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी, त्या कमानी, तो खालून घातलेला हात, शेवटचं ते बोट.

"मग ते माझ्याशी कामून भांडत ऱ्हायले?"

नागनाथानं मान खाली घातली. "म्हणाले, मास्तराला बोलू नको. भित्रा माणूस हाय. भांडायला म्हणून का होईना, घराबाहेर पडायलाय. भांडण मिटलं तर दार लावून बसंल आन् भिऊनच मरंल."

तुम्हाला ठाऊक होतं तर. घोट्यापर्यंतच्या धोतराआड काय चाललंय ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

वस्ताद, रात्रभर झोप आली नाही. भीती गेली असं खोटं सांगत नाही. पहाटे दूर कुठंतरी आवाज झाला तर उठून कडी तपासली. पण आज शाळा सुटल्यावर पाय तालमीकडं वळले. मोजकीच पोरं होती. नागनाथ ओट्यावर बसला होता, तुमच्या जागेवर नाही, थोडा बाजूला. मी त्याच्याजवळ बसलो, टोकाला नाही. आम्ही पोरांचे जोर बघू लागलो.

मग मी म्हणालो, "नागनाथ, मी इचार केलो. तुझी पाठ टेकली न्हाई."

त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं धोतर खोचलं, मांडी मारून तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "टेकली, मास्तर. डावा खांदा आधी. दाखवू का?"